जेवताना न दिसण्याची शक्ती

अकरा मेच्या दुपारी आमच्या क्वार्टरच्या पडवीत चार बायका कूलरसमोर बसून, आपल्याला कोणती महाशक्ती हवी, यावर भांडत होत्या. विषय त्यांना सुचलेला नव्हता. तो तालुक्याच्या आरोग्य अधिकारी साहेबांना सुचला होता; खरं तर त्यांनाही नव्हे, दर वर्षी नागपूरहून येऊन सगळ्यांना उभं करून टाळ्या वाजवायला लावणाऱ्या त्यांच्या प्रशिक्षकाला. बारा मेला परिचारिका दिन. त्यानिमित्त प्रत्येक सिस्टरने ‘माझी महाशक्ती’ या विषयावर स्वतःच्या हस्ताक्षरात चार ओळी लिहून आणायच्या, उत्कृष्ट चिठ्ठीला भिंतीवरचं घड्याळ बक्षीस, असा निरोप ग्रुपवर आला होता. निरोपाच्या शेवटी गुलाबाची तीन फुलं होती. सापाचं इंजेक्शन संपत आल्याचा निरोप आईने त्याच ग्रुपवर आठवडाभर आधी टाकला होता. त्याला उत्तर नव्हतं. फूलही नव्हतं.

आई, म्हणजे शकुबाई, सिंदेवाहीच्या आसपासच्या तीन आरोग्य केंद्रांत मिळून एकतीस वर्षं सिस्टर होती. पळसबोडी हे तिसरं. मी तिची एकुलती मुलगी. गडचांदूरला सिमेंटच्या धुळीत कॉलेजच्या मुलांना मराठी शिकवते, आणि ती मुलं मराठी शिकत नाहीत. उन्हाळ्याच्या सुट्टीत आईकडे आले होते. मी पुष्कळ वाचते, हे केंद्रात सगळ्यांना माहीत होतं, म्हणून चिठ्ठ्या दुरुस्त करण्याचं काम माझ्याकडे आलं होतं. ते मी हातातलं पुस्तक न मिटता स्वीकारलं.

“मले नं, नजर टाकली का शीर दिसली पायजे,” करिश्मा म्हणाली. ती कंत्राटी सिस्टर, वय सव्वीस. “म्हातारे माणसं हात पुढं करतात, अन् त्या हातात शीरच नसते. घाम मात्र मले फुटते.”

“शीर भेटते वो,” दामिनीबाई म्हणाल्या. त्या उपकेंद्राच्या, आईबरोबरच नोकरीला लागलेल्या. “मले पोर्टलची शक्ती पायजे. मनात आणलं का एन्ट्री झाली पायजे. काल नेटवर्कसाठी पाण्याच्या टाकीवर चढली, तं खालून सरपंच विचारते, बाई, जीव देऊन राह्यली का? म्हटलं, नाई भाऊ, गरोदर बायका भरून राह्यली.”

ठमाबाई केंद्रातल्या परिचर. त्यांना चिठ्ठी कुणी मागितलीच नव्हती, पण महाशक्ती त्यांच्याकडेही तयार होती. “फुंकर मारली का नातेवाईक फाटकाबाहेर. एका बाळंतिणीमागं चौदा जण. परवा एका सासूनं कोंबडी आणली वार्डात. काऊन आणली म्हटलं, तं म्हणे, घरी एकटी हाये बिचारी.”

“कोण, सासू?”

“कोंबडी!”

“अन् लघवी रोकाची शक्ती?” करिश्माने विचारलं.

“ते हाये नं आपल्यापाशी पयलेच,” दामिनीबाई म्हणाल्या. “बारा घंटे. त्याचं घड्याळ कोणी देत नाई.”

त्या हसल्या. आईही हसली, पण तिचा उजवा अंगठा डाव्या खांद्यावर फिरत होता. सकाळी ऑक्सिजनचा सिलेंडर ढकलला, खांदा भरून आला, असं ती दोनदा म्हणाली होती. मी एकदा म्हणाले होते, बाम लाव.

“बाई, तुमची कोणती?” करिश्माने तिला विचारलं.

आईने विचार केला नाही. उत्तर जणू अनेक वर्षं तयार होतं, कुणी विचारण्याचीच खोटी होती.

“मी जेवाले बसली का कोणाले दिसाले नाई पायजे,” ती म्हणाली. “जास्त नाई. पंधरा मिनिटं. ताट दिसन, मी नाई दिसन.”

“मंग लोक ताटालेच म्हणतीन,” ठमाबाई म्हणाल्या, “चाला सिस्टर बाई, पोराले ताप आला!”

या वेळी आई खरंच हसली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

मी पुस्तक बाजूला ठेवलं. हे असलं काही साहेबांना चालणार नाही, हे मला माहीत होतं. साहेबांना काय चालतं तेही माहीत होतं. त्यांच्या सगळ्या भाषणांत सिस्टर ही माता असते, दिवा असते, नदी असते. दुपारी दोन वाजता भूक लागलेली बाई ती कधीच नसते. मी आईची चिठ्ठी पाच मिनिटांत लिहून काढली. मनातल्या मनात हसत लिहिली. साहेबांची चव किती खाली उतरू शकते ते पाहू, म्हणून एकेक शब्द त्यात वरून सोडला:

‘मला अशी शक्ती लाभो, की रुग्णाच्या कपाळावर हात ठेवताच त्याची वेदना माझ्या देहात यावी आणि तो हसत घरी जावा. मला भूक लागू नये, झोप येऊ नये, थकवा शिवू नये. आणि माझ्या दारावरून कुणी कधी विन्मुख परतू नये.’

आईने ती चष्मा लावून वाचली. “लय चांगलं लिवलं,” ती म्हणाली. मग चष्मा काढून, “पण हे मी नोहो.”

“तू नाहीसच. साहेबांना जी हवी आहे ती आहे ही,” मी म्हणाले. “उतरवून काढ. घड्याळ मिळेल.”

तिने उतरवून काढली. रजिस्टर भरताना काढायची तशी, वळणदार, काना न चुकणारी अक्षरं. करिश्मा तिच्या खांद्यावरून वाचत होती. ती माझ्याकडे पाहून डोळा मारून हसली. मीही हसले. आम्ही दोघी शहाण्या होतो.

इथे एक जुनी गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही.

सिस्टरच्या क्वार्टरला ड्युटीची वेळ नसते. लोक फाटकाशी उभे राहतात आणि हाक मारतात. आईची तिन्ही क्वार्टरं वेगळी होती, पण हाक सारखीच होती, आणि ती बरोबर जेवणाच्या वेळी यायची. दामिनीबाईही तेव्हा केंद्रातच होत्या; त्यांच्या मुलांना ती चालायला लागल्यापासून एक वाक्य येत होतं: आई घरी नाई. ती ते इतकं छान म्हणायची की बाई आत पानावर बसलेली असताना माणूस गुपचूप केंद्राकडे वळायचा. केंद्र शंभर पावलांवर, तिथे दुसरं कुणीतरी असायचंच. कुणाचं काही बिघडत नसे. बाईंचं जेवण तेवढं व्हायचं.

मी नऊ वर्षांची असताना आईने मलाही ते शिकवायचा प्रयत्न केला. मी म्हटलं, मी खोटं बोलणार नाही. नुकतीच थोरामोठ्यांची चरित्रं वाचली होती. आईला त्याचं इतकं कौतुक की तिने ते केंद्रभर सांगितलं: आमची नीलू खोटं बोलत नाई. तेव्हापासून फाटकाशी हाक आली की मी धावत जाऊन सांगायचे, “आहे, आई आहे, थांबा,” आणि आत येऊन तिला उठवायचे.

सत्याशी त्याचा काही संबंध नव्हता. हे मला बाराव्या-तेराव्या वर्षी कळलं होतं, आणि तरी मी ते चालू ठेवलं. शाळेतून आल्यावर मी आई म्हणून हाक मारली तर ती ‘हं’ म्हणायची. सिस्टर म्हणून कुणी हाक मारली तर वळायची. मग एकदा मीच घरात तिला “सिस्टर” म्हणाले आणि ती झटकन वळली. जी आई मला मिळत नाही ती जेवणालाही मिळू नये, असं काहीसं ते होतं. बाबा गेल्यावर आम्ही दोघीच उरलो, मी मोठी झाले, नोकरीला लागले, सुट्टीत पाहुणी म्हणून येऊ लागले. फाटक आलं की मी पुन्हा नऊ वर्षांची आणि सत्यवादी. आई दर सुट्टीत एकदा तरी हसत म्हणायची, “एकडाव म्हणून पाय न, आई घरी नाई. जीभ नाई झडत.” मी म्हणायचे, ते मला जमत नाही.

तर त्या दुपारी बायका गेल्या, आईची चिठ्ठी करिश्मा सोबत घेऊन गेली, आणि आई जेवायला बसली. भात, वरण, सुक्या झिंग्यांची चटणी. तिने पहिला घास कालवला तेवढ्यात फाटकाशी हाक आली.

“शकुबाई! वो शकुबाई!”

गावच्या बोडीवर, म्हणजे लहानशा तलावावर, मासेमारी करणारा मुखरू होता. उजवा पंजा डाव्या हातात धरून उभा. शिंगी माशाने काटा मारला होता. त्याने माणूस मरत नाही, पण गडी माणूस रडतो.

आईने माझ्याकडे पाहिलं. हात भातात, दुसरा हात खांद्यावर. “सांग न नीलू. करिश्मा हाये तिथी. एकडाव सांग.” ती हसतच म्हणाली, पण तिचा चेहरा ओला होता. शेहेचाळीस अंश होते. सगळ्यांचेच चेहरे ओले होते.

मी खिडकीतून ओरडले, “थांबा, येतेय ती!”

आईने ताटावर ताट झाकलं, हात धुतला, चूल पेटवून पाणी तापत ठेवलं. शिंगीच्या काट्याला तिचा उपाय एकच: सोसवेल तितक्या गरम पाण्यात पंजा बुडवायचा आणि गप्पा मारायच्या. मुखरू पायरीवर बसला, बादलीत हात घालून. ती त्याला बोडी कधी आटणार, मासे कधी काढणार, असलं विचारत होती. त्यानंतर आणखी तिघं आली. पाऊण तासाने ती परत पानावर बसली तेव्हा भात वाळला होता. तिने त्यावर ताक ओतलं, दोन घास खाल्ले आणि म्हणाली, भूक मेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला ती कार्यक्रमासाठी तयार होत होती. पांढरी साडी नेसून झाली होती. खुर्चीवर बसून मनगटी घड्याळाचा पट्टा लावत होती. मी चहा घेऊन आले तेव्हा पट्टा अर्धा लागलेला होता. करिश्मा धावत आली, छातीवर दाब देत राहिली, मोठ्याने आकडे मोजत राहिली. खांदा, घाम, मेलेली भूक. हे दुसऱ्या कुणाचं असतं तर आईने फाटकाशीच ओळखलं असतं.

कार्यक्रम आठ दिवस पुढे ढकलला. रद्द करता येत नव्हता, पाहुण्यांना बोलावून झालं होतं. म्हणून ‘परिचारिका दिन सोहळा व भावपूर्ण श्रद्धांजली’ असा एकच फ्लेक्स छापला. वरच्या बाजूला फुगे, खालच्या बाजूला हार घातलेली आई, मधोमध साहेब, दोन्हीकडे सारखेच पाहत हसणारे. तालुक्याच्या सभागृहात दोन मिनिटं मौन पाळलं गेलं. दीड मिनिटानंतर कुणाच्या तरी फोनवर लग्नातलं गाणं वाजलं. सूत्रसंचालन करणारा म्हणाला, “आता जड अंतःकरणाने आपण मनोरंजनाकडे वळू या.” मनोरंजन म्हणजे सिस्टरांची संगीत खुर्ची. रोज बारा तास ज्यांना बसायला मिळत नाही त्यांना साहेबांनी एका खुर्चीभोवती पळवलं आणि टाळ्या वाजवल्या.

मग महाशक्तींचा निकाल.

करिश्माने शेवटी लिहून दिलं होतं की तिला रुग्णांचं हसू वाढवण्याची शक्ती हवी. दामिनीबाईंनी लिहिलं, शासनाच्या योजना घरोघरी पोहोचवण्याची. शीर नाही, टाकी नाही, कोंबडी नाही. साहेबांनी त्या चिठ्ठ्या भराभर वाचल्या आणि शेवटची हातात घेऊन थांबले. ती लॅमिनेट केलेली होती.

“ही शकुसिस्टरांची,” ते म्हणाले. “आदल्या दिवशी लिहिलेली. आपल्या हातानं.”

त्यांनी ती वाचली. ‘मला भूक लागू नये’ला त्यांचा आवाज कापला. ते ढोंग नव्हतं, आणि तेच मला सहन होईना. मी वरून टाकलेला प्रत्येक शब्द बरोबर जागी जाऊन बसला. समोर बायका पदराने डोळे पुसत होत्या. प्रशिक्षकाने चष्मा काढला. मी आयुष्यात लिहिलेल्या कशालाही इतकी दाद मिळालेली नाही.

“‘माझ्या दारावरून कुणी कधी विन्मुख परतू नये,’” साहेब पुन्हा म्हणाले. “ही आपल्यासाठी आज्ञा आहे. हे वाक्य तालुक्यातल्या प्रत्येक केंद्रावर, प्रत्येक सिस्टरच्या क्वार्टरवर लागलं पाहिजे. जेवत असा, झोपेत असा, हाक आली की उठायचं. शकुसिस्टर उठत होत्या.”

टाळ्या झाल्या. घड्याळ माझ्या हातात दिलं. मला दोन शब्द बोलायला सांगितलं.

मी माइकसमोर उभी राहिले. खरं सांगायचं तर एवढंच सांगायचं होतं: हे तिचं नाही, माझं आहे. मी तुमची टिंगल करत होते. तिला फक्त पंधरा मिनिटं हवी होती. मी, जी कधी खोटं बोलत नाही, म्हणाले, “धन्यवाद,” आणि खाली बसले.

बाहेर करिश्मा उन्हात उभी होती. हातात समोशाची प्लेट, समोसा तसाच.

“ताई,” ती म्हणाली, “तुमाले मालूम होतं अन् मलेबी मालूम होतं. मी बोलली नाई, माझी नोकरी कंत्राटी हाये. तुमाले कोणाचं भेव होतं?”

मी घड्याळ एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं.

“आता तुमचं ते वाक्य माझ्या दारावर लागन. तुम्ही गडचांदूरले जान. मी इथीच जेवन.” तिने प्लेट कट्ट्यावर ठेवली. “विन्मुख म्हणजे काय, हे तरी लोकायले समजते का? मले नाई समजलं. पण उठाचं हाये, एवढं समजलं.”

क्वार्टर महिनाभरात रिकामं करायचं होतं. मी भांडी पोत्यात भरत होते. तीन दिवसांत पाटी आली. निळ्या पत्र्यावर पांढरी अक्षरं, खाली आईचं नाव. सापाच्या इंजेक्शनला दोन आठवडे लागतात. पाटीला तीन दिवस. ठमाबाईंच्या नवऱ्याने, श्रावणने, ती फाटकाच्या खांबाला ठोकली आणि मला म्हणाला, “नाव राह्यलं बाईचं.” मी हो म्हटलं.

तिसऱ्या आठवड्यात, भर दुपारी, हाक आली.

“शकुबाई! वो शकुबाई!”

मी खिडकीतून पाहिलं. मुखरू पाटीखाली उभा होता. ती त्याने वाचली नव्हती. त्याला वाचता येत नाही. हातात पळसाच्या पानांत बांधलेली पुडी होती, खालून पाणी गळत होतं.

“बाई हाये का घरी? बोडी आटली. आज मासे काढले. पयला वाटा बाईचा.” त्याने उजवा पंजा वर करून बोटं उघडली, मिटली. “हे पाहा, पाचही चालते. दुसऱ्याच दिवशी मी तेंदूपत्ता तोडाले फडीवर गेलो, एटापल्लीकडं. आजच सकाळी आलो, तं येणं नाई झालं.”

कुणी सांगितलं नव्हतं त्याला. सकाळपासून तो चिखलात होता. मी दारात आले. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे आत पाहिलं, आणि त्याला वाटलं ते तो बोलला.

“जेवून राह्यली का? मंग जेवू दे, उठवू नको. त्या दिवशी मी तिले भरल्या ताटावरून उठवलं. घरी गेल्यावर बायकोनं मले लय बोललं. म्हणे, तुले हातच दुखे न, जीव तं नोहता चालला. बाईले चार घास खाऊ द्याचे होते.” तो कुंपणाच्या सावलीत उकिडवा बसला, पुडी शेजारी ठेवली. “मी बसतो इथी. घाई नाई मले. तिचं होऊ दे आरामात.”

एकतीस वर्षांत आईच्या फाटकाशी असं म्हणालेला दुसरा माणूस मला आठवत नाही. साहेबांसाठी, प्रशिक्षकासाठी, फ्लेक्ससाठी, पाटीसाठी माझ्याकडे शब्द होते. एकेकासाठी धारदार, निवडून ठेवलेले. या माणसासाठी काहीच नव्हतं. तो पानांवर बसू पाहणाऱ्या माश्या हाताने हाकलत होता आणि माझ्या आईचं जेवण व्हायची वाट पाहत होता.

मी पायऱ्या उतरले. फाटकापर्यंत गेले. तो वर पाहायला लागला. मी पाटीच्या खांबाला धरलं. पत्रा उन्हाने तापला होता.

“मुखरूभाऊ,” मी म्हणाले, “आई घरी नाई.”